गोधडीचं पोट

रुद्रम्माला गोधड्या शिवायचा लई नाद. निजामाच्या जमादारानं तिच्या माळवदावरचा तिरंगा टराटरा फाडला, पोराला धरून नेलं आणि चिंध्या तिच्या अंगावर भिरकावत म्हणाला, “ले बुढिया, गोधडी शिव!” तिनं खरंच शिवली. महिन्याभरानं शेवटचा कोपरा तेवढा उघडा राहिला. गोधडी उपाशी राहू नये म्हणून तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालून मगच कोपरा शिवायची मुरूम गावातली रीत. तिनं तुकडा सारला तोच चुगली ऐकून जमादार दारात. त्यानं कोपऱ्यात हात घातला. “क्या छुपाया अंदर?” हाती भाकरीच आली. “लपवू कशाला?” रुद्रम्मानं गोधडी उलटवून अंगणात पसरली. मधोमध केशरी, पांढरा, हिरवा. “तुमीच म्हणलाव, शिव.” जमादारानं कात्री उचलली. रुद्रम्मानं शांतपणे सुई ओवली. “फाडा की, साहेब. गल्लीतल्या समद्याच बाया गोधड्या शिवायला बसल्यात. त्यांनाबी चिंध्या पायजेत.”