पहिल्या रिंगला

"नमस्कार मॅडम," म्हणत सिद्धेश खुर्चीत बसला. मॅडम! वा रे पठ्ठ्या. जिच्या डोक्यावर ह्यानं अक्षता टाकल्या, नांदवली, मग माहेरी आणून सोडली आणि सोडचिठ्ठी घेतली, तिला आता हा जन्मात पहिल्यांदा भेटत होता.

रूपालीनं मान हलवली. "बोला."

सीमाभागातल्या वडगावच्या विणकर सोसायटीला बॅटरीचा कंटेनर घ्यायचा होता. लाइट गेली की शेडमधले माग मध्येच अडकायचे आणि साडीवर आडवा पट्टा उमटायचा. वीज साठवून ठेवणारा हा वीस फुटी डबा शेडमागं बसला की ती कटकट मिटणार होती. डबा कुणाचा घ्यायचा ते रूपालीच्या शब्दावर होतं, कारण सोसायटीचं विजेचं सगळं काम तीच बघायची. बोरगावच्या सिद्धेशची एजन्सी नवी. हे काम मिळालं तर टिकणार, नाहीतर गेली.

सकाळी चेअरमन नागोजीअण्णा तिला म्हणाले होते, "तू नुसतं न्हाय म्हण पोरी. गेटवरनंच परत लावतो त्याला."

"येऊ दे की अण्णा. लई वाट बघितलीया मी."

वाट कसली, ते अण्णांना ठाऊक होतं. सोडचिठ्ठीच्या बैठकीत सगळ्या भावकीसमोर सिद्धेश म्हणाला होता, "आप्पा वारले तर हिनं मला एक फोन केला न्हाय. मी सासऱ्याच्या मातीला कसा येणार?" रूपाली ओरडून सांगत होती, केलता, सारखा लावत हुते. कुणी ऐकलं नाही. उलट आपल्याच गल्लीतल्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या, ही काय बाई म्हणायची, बाप गेला तरी नवऱ्याला कळवलं नाही! अण्णाही त्या दिवशी गप्प बसले. ते गप्प बसणं तिला सोडचिठ्ठीपेक्षा जास्त लागलं होतं.

"एक सेल तापून पेटला तर?" तिनं विचारलं.

"शेजारचा पेटत न्हाय मॅडम. गॅस वरच्या झडपेतनं भायेर जातोय. कंपनीनं मुद्दाम पेटवून बघितलंय," म्हणून त्यानं लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवला.

"गार कशानं होतोय?"

"पाण्यानं. पंख्यावाला घेऊच नका. हितं सुताची धूळ उडतीया, जाळ्या बुजून जातील."

शेजारी बसलेल्या अण्णांनी नकळत मान डोलावली. खोटं कशाला बोला, माल चांगला होता. रूपालीनं तसं तोंडावर सांगितलंही, आणि सिद्धेश खुर्चीत जरा ऐसपैस झाला. पुण्याच्या पार्टीसकट आत्तापर्यंत आलेल्यांत ह्याचाच डबा उजवा, हे तिलाही कळत होतं. त्याचाच तिला राग येत होता.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "अलार्म वाजला तर आम्ही फोन कुणाला करायचा?"

"मला."

"आणि उचलणार कोण?"

"मीच की! पहिल्या रिंगला उचलणार. रात्र न्हाय, दिवस न्हाय. शब्द हाय माझा."

"डब्याच्या शेजारी आमची माणसं काम करत्यात, म्हणून इचारलं. लावून बघू मग. नंबर जुनाच न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला. आत्ता आठवलं बेट्याला!

रूपालीनं फोन स्पीकरवर टाकला. आतली बाई कन्नडमधनं गोड आवाजात म्हणाली, आपण फोन केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. सिद्धेशचा मोबाइल समोर टेबलावर गपगार पडला होता.

"रेंज नसंल..." तो पुटपुटला.

अण्णांनी खिशातनं स्वतःचा फोन काढून तोच नंबर लावला. टेबलावरचा मोबाइल खणखणून वाजला. अण्णांनी तो वाजू दिला, मग कट केला, आणि सिद्धेशकडं न बघता रूपालीकडं बघितलं.

"खरंच लावलातास तू पोरी."

"त्या दिवशीबी हीच बाई बोलत हुती अण्णा."

"चुकून ब्लॉक झालंय मॅडम, आत्ता काढतो, एक मिनिट..." सिद्धेश मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवत होता.

"पुण्याच्या पार्टीला होकार कळवा," रूपाली म्हणाली.

अण्णा घुटमळले. "त्यांचा पंख्यावाला हाय. ह्याच्यापेक्षा उणा, आत्ताच बघितलं की आपण."

"उणा हाय. जाळ्या मी रोज उभी राहून साफ करून घेईन. पण ह्याला न्हाय."

अण्णांना ह्या वेळी गप्प बसता येईना. ते "बरं" म्हणाले. रूपालीला इतकं बरं वाटलं, की त्याची तिला लाजही वाटली नाही.

"निघाला! ब्लॉक निघाला!" सिद्धेश उठून उभाच राहिला. "रूपा, एकदा लावून बघ. एवढ्यावरनं काम नको घालवू. माझी एजन्सी जाईल गं."

मॅडमची रूपा झाली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि पुन्हा नंबर लावला. वाजला. त्यानं दोन्ही हातांनी मोबाइल कानाला धरला आणि हातभर अंतरावरनं म्हणाला, "हॅलो?"

रूपालीनं त्याच्याकडं पाठ केली. खिडकीपलीकडं माग खडखडत होते. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती फोनमध्ये जरा मोठ्यानं बोलली.

"अहो, आप्पा गेले. सकाळी मातीला या."