वीस मिनिटांची विश्रांती

“साहेब, आठच मिनिटं झालीत,” वेळ टिपणाऱ्या बाई म्हणाल्या.

“वीस झाली,” काटासाहेब म्हणाले. “लिहा.”

बाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. अकरा वर्षं त्या या ट्रॅकवर त्यांच्या चाचण्यांच्या वेळा टिपत होत्या. साहेबांचा आकडा चुकलेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि तक्त्यात वीस लिहिलं.

काटासाहेब हे अर्थात खरं नाव नव्हे. गाड्यांच्या मासिकासाठी सव्वीस वर्षं ते चाचण्या घेत होते. तराजूच्या काट्यासारखा सरळ माणूस, म्हणून कधीतरी कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एका कंपनीने पाठवलेलं साधं पेनसुद्धा त्यांनी परत धाडलं होतं. हा किस्सा ते स्वतःच चारचौघांत सांगत, जरा जास्तच वेळा.

आजचा सामना पांढऱ्या आणि लाल गाडीचा होता. दोघीही चार दारांच्या, दोघींचीही ताकद चारही चाकांना जाणारी, दोघींनाही टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. गाडी जोरात पळवली की ती हवा तापते आणि इंजिनाला धाप लागते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर गाडीला वीस मिनिटं उभं ठेवून थंड होऊ द्यायचं, हा नियम खुद्द काटासाहेबांनीच घालून दिलेला.

पांढरीच्या तिन्ही खेपा झाल्या होत्या. लालची शेवटची एक उरली होती आणि आतापर्यंतच्या वेळांच्या बेरजेत लाल पुढे होती. फार नाही, सहा दशांश सेकंद. पण वळणातून ती अशी अलगद निघायची की मघाशी साहेबांच्या तोंडून “वा” निघून गेलं होतं.

आणि पांढरी त्यांच्या मुलाच्या कंपनीची होती.

मुलगा इंजिनिअर. काटासाहेबांनी उभ्या आयुष्यात एकदाच कुणाकडे शब्द टाकला होता, तो त्याच्या या नोकरीसाठी. गेल्या महिन्यात जेवताना तो म्हणाला होता, “या दोन गाड्यांत जी मागे पडेल, तिच्या टीमची काही धडगत नाही, बाबा. सगळे तुमच्या मासिकाकडे डोळे लावून बसलेत.” सूनबाईंना सातवा महिना लागला होता.

संपादकांनी विचारलंही होतं, मुलगा तिथे आहे, तर ही चाचणी दुसऱ्या कुणाला देऊ का? “मीटरला नाती कळत नाहीत,” असं साहेबांनी त्यांना ठणकावलं होतं.

काल संध्याकाळी मुलाचा फोन आला.

“बाबा, मध्ये वीस मिनिटं थांबता ना तुम्ही?”

“माझाच नियम मला शिकवतोस होय रे?”

“नाही, सहज विचारलं. तुम्ही नेहमी करता तसंच करा. बाकी काही नको.”

आवाज दबलेला होता. पोरगं धास्तावलंय, हे बापाला कळल्यावाचून राहतं का? सूनबाईही म्हणाल्या होत्या, हल्ली ते घरातून तासभर आधी निघतात. नोकरी टिकवायला पोरगं जिवाचं रान करतंय, या विचाराने साहेबांचा जीव तुटला.

आता ते लाल गाडीत बसले. सीटपर्यंत इंजिनाची धग येत होती. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी पाय दाबला, पण गाडी मघासारखी उसळली नाही. बिचारी ओढत होती, जेवढं जमेल तेवढं. साहेबांना तिची माफी मागावीशी वाटली. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांना हेल्मेट काढायची लाज वाटत होती.

बाईंनी वर न बघताच वेळ सांगितली. लाल दोन सेकंदांनी हरली होती.

“चहा घेऊ या,” साहेब म्हणाले.

“आज घाई आहे जरा,” म्हणत बाईंनी पर्स उचलली. अकरा वर्षांत त्या चहा न घेता कधी गेल्या नव्हत्या.

लेख लिहिताना बाकी सगळं भराभर झालं. ‘लाल गाडी लवकर तापते, कूलिंगचं काम कच्चं आहे,’ हे एक वाक्य मात्र त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा ठेवलं. पुढे कित्येक दिवस दाढी करताना ते आरशात हनुवटीच्या वर बघत नव्हते. घरात लेकरू येणार आहे, असं ते स्वतःला बजावत, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटे.

अंक निघाला. रविवारी सकाळी मुलगा आला, तो काखेत अंक घेऊनच. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. जिंकलेल्या माणसाचं हे तोंड नव्हे, एवढं साहेबांना दारातच कळलं.

“बाबा, रागावू नका,” तो बसता बसता म्हणाला. “चार महिने झाले, ती नोकरी सोडली मी. तुम्ही शब्द टाकला होता, म्हणून सांगायचा धीर होईना. तेवढ्यात तुमची चाचणी ठरली. म्हटलं, ती होईपर्यंत तर तोंड उघडायचंच नाही. उगाच तुमच्यावर कुणी पक्षपाताचा ठपका ठेवायला नको.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“नव्या ठिकाणी एकच काम होतं माझ्याकडे. आम्ही पन्नासदा तपासलं होतं, बाबा. वीस मिनिटांत ती थंड व्हायचीच. काल त्यांनी हा अंक पुढ्यात टाकून माझा राजीनामा मागितला.” त्याने मासिक उघडलं, लाल गाडीच्या चित्राखालच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि खुर्ची वडिलांजवळ ओढली. “नोकरीचं जाऊ द्या. तुमचा आकडा चुकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त एवढं समजावून सांगा, माझं कुठे चुकलं?”