अकरा मिनिटांचं विमान

नागपूर ते टोरांटो, बारा हजार किलोमीटर, अकरा मिनिटं. तेवढ्यावरच टोरांटोच्या ऑफिसने बाळंतपणाची रजा बंद करून पाजायला रोज एक तासाची सुट्टी ठेवली होती.

आज त्या तासातला बराच वेळ तपासणीच्या रांगांत गेला. केतकी नागपूरला उतरली तेव्हा सासूबाई भुकेल्या सईला घेऊन गेटपाशीच उभ्या होत्या. सई जेमतेम प्यायला लागली आणि कामतसाहेबांचा फोन आला.

"परतीचं विमान सुटतंय. चुकलं तर नोकरी गेली समजा."

सईने तिची ओढणी मुठीत धरली होती.

"सुटू द्या," केतकी म्हणाली. "विमानाला अकरा मिनिटं पुरतात, साहेब. हिला बावीस लागतात."

सासूबाईंनी फोन काढून घेतला आणि बंद केला.

"आता दुसऱ्या बाजूला घे तिला," त्या म्हणाल्या.