लाल खुणेची मेंढरं

“हे बघ, ओळखीचं वाटतंय का?” लखननं मोबाईल बायकोच्या नाकापुढं धरला.

फोटोत मेंढरं होती, दिंद्रुडच्या अलीकडच्या माळावरची. आणि त्यांच्या पाठीवर लालभडक गेरूनं योगिताची खूण. उलट्या तोंडाची चंद्रकोर, पोटात एक टिंब, खाली वळलेली शेपटी.

योगिताच्या डाव्या हातातला माऊस जागच्या जागी थांबला. “अरे देवा! आता मेंढरांवर पण?”

माजलगावात तिचं डिझाईनचं छोटं दुकान. ही खूण तिनं बायकांच्या एका बचत गटाच्या तुपाच्या डब्यासाठी काढली होती. सुचली कशी विचारलं तर म्हणायची, “काय माहीत, हात आपोआप वळला.” डबा असा गाजला की विचारू नका. मग काय, ज्याला त्याला तीच खूण हवी. कुणी हळदीच्या पुडीवर छापली, कुणी लग्नाच्या बॅनरवर. विचारणं नाही, पुसणं नाही. योगिता पाटोद्याकडच्या ऊसतोड कामगारांची पोर, दरसाल कुठल्या ना कुठल्या उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत वाढलेली. डावखुरी म्हणून लहानपणी बोटांवर फटके खाल्लेले. आपलं, फक्त आपलं म्हणावं असं तिच्याकडं हेच एक होतं. तिनं रीतसर कॉपीराइटची नोंदणी केली, आलेला कागद काचेत बसवला आणि चौघांना नोटिसा धाडल्या. चौघांनीही कान पकडले.

पाचवी नोटीस पर्समध्ये घालून ती लखनच्या गाडीवर बसली.

“मेंढरांना वाचता येईल ना गं?”

“गाडी हाण गुमान.”

माळावर मेंढरांपाशी एक म्हातारी बसली होती. चंद्रभागाबाई तिचं नाव. कोण, कुठली विचारायच्या आधी तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पलीकडं तिचा नवरा मुंजाजी कोकरं कोंडत होता. कळपातल्या बऱ्याच मेंढरांवर निळी रेघ होती, लाल खूण थोड्याच पाठींवर. पण योगिताला दिसत होतं ते फक्त लाल.

“मावशी, ही लाल खूण माझी हाय. माझ्या नावाचा सरकारी कागद हाय.”

“तुजी?” म्हातारी दिलखुलास हसली. “लेकी, आमची खूण निळी रेघ. ज्याची खूण त्याची मेंढरं. लालवाली दुसऱ्याची हायेत, आमी निस्ती सांभाळतो.”

“मग त्या मालकाचं नाव सांगा. नोटीस त्यालाच देते.”

“नाव आमाला बी ठावं न्हाई.”

“असं कसं?”

“ठावंच न्हाई तर कुटून सांगू? यील कवातरी. वीस वर्सं वाट बगतोय. दरसाली खूण हुबेहूब तशीच काढतो, जरा बी फरक पडू देत न्हाई.”

वीस वर्षं! योगितानं मनाशी हिशेब केला. ती स्वतः सव्वीस वर्षांची. म्हणजे तुपाच्या डब्याच्या कितीतरी आधीपासून ही खूण या मेंढरांवर होती. लहानपणी फडाच्या कडेनं जाताना बघितली असेल, मनात राहिली असेल, आणि मोठेपणी हात आपोआप वळला असेल. वर आपण गावभर लोकांना चोर म्हणत फिरलो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं नोटीस काढली आणि टराटरा फाडली.

“मावशी, चुकलं माझं. चोर मीच निघाले. नोंदणी रद्द करून घेते, त्या चौघांची माफी मागते.”

“अगं, कुणाला कळणार हाय?” लखन हळूच म्हणाला.

“मला कळलं ना.”

चंद्रभागाबाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिची नजर मघापासून योगिताच्या हातांवर होती.

“तू काढलीस म्हणतीस, तर काढून दाव की,” ती म्हणाली. तिनं गेरूची वाटी पुढं सरकवली आणि एक कोकरू मांडीशी घट्ट धरलं.

योगिताला नको नको झालं होतं, पण म्हातारीचा शब्द मोडवेना. तिनं डाव्या हाताचं बोट गेरूत बुडवलं. आधी टिंब ठेवलं. मग त्याच्याभोवती चंद्रकोर. शेवटी शेपटी, एका दमात.

म्हातारी बघतच राहिली. कोकरू कधी निसटून पळालं तेही तिला कळलं नाही.

“आवं, हिकडं या!” ती एवढ्यांदा ओरडली की निम्मी मेंढरं बुजली. “तवा काढलती तशीच काढली बगा! आदी टिंब, डाव्या हातानं!”

मुंजाजी धावतच आला. त्यानं त्या ओल्या खुणेकडं बघितलं, योगिताकडं बघितलं, डोळे पुसले आणि हसायला लागला.

“लई उशीर केलास गं पोरी. फडातनं तुमची टोळी उठली तवा ही खूण काढून तुजं एक कोकरू आमच्यापाशी ठिवून गेलतीस. मोजून घे, एकतीस झालीत.”