पाच टक्के राखून

"आकड्यांना नातीगोती नसतात, साहेब," आकडेवाला छाती पुढे काढून म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो नुकताच लागला होता आणि पहिल्याच झटक्यात त्याने चोर पकडला होता. वशिलेबाजी नको म्हणून मेकॅनिकची नावं झाकून त्याने नुसते नंबर ठेवले होते. सात नंबरकडच्या लिफ्ट इतरांच्या दुप्पट बंद पडत होत्या.

साहेबांनी फोन करून सात नंबर कोण ते विचारलं. फोन ठेवताना त्यांना हसावं की रडावं कळेना. सात नंबर म्हणजे याचे सासरे. आता संध्याकाळपर्यंत त्यांना घरी पाठवणं आलं, म्हणाले. नातीगोती नसतात ना.

आकडेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ते ज्या घरी जाणार, तिथेच तोही राहत होता.

घसा खाकरून त्याने विचारलं, हे आकडे बघायच्या आधी साहेबांचं सात नंबरबद्दल काय मत होतं?

"मत कसलं? आपला सगळ्यात पक्का गडी. म्हणून तर सगळी म्हातारी धुडं त्याच्या गळ्यात मारतो."

आकडेवाला असा उठला की खुर्ची मागे आडवी झाली. म्हणजे माणसामुळे लिफ्ट बिघडत नव्हत्या. बिघडणाऱ्या लिफ्टकडेच तो माणूस पाठवला जात होता! हे आधी विचारायचं असतं, हे तो परीक्षा संपल्यावर साफ विसरला होता.

मग त्याने साहेबांचं ते जुनं मत हिशेबाच्या सुरुवातीला धरलं, म्हाताऱ्या लिफ्टची तुलना म्हाताऱ्या लिफ्टशीच केली, आणि एकेक बिघाड आत सोडत ते मत किती हलतं ते बघत बसला. हललं, पण वरच्या बाजूला. त्याच लिफ्ट दुसऱ्या कोणाकडे असत्या, तर आणखी बंद पडल्या असत्या.

"खात्री?" साहेबांनी विचारलं.

"पंच्याण्णव टक्के."

"आणि उरलेले पाच?"

"ते राखून ठेवायचे असतात, साहेब. सासरे असले तरी."

साहेबांचाही जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी ऑफिसची नवीकोरी लिफ्टही सासऱ्यांकडे सोपवून टाकली. सासऱ्यांनी येऊन लगेच तिचं तेलपाणी केलं.

संध्याकाळी तिघं तिच्यातूनच खाली निघाले. आकडेवाला शीळ घालत होता.

"काय जावईबापू," सासरे म्हणाले, "सकाळी माझ्या नावाने शंख करत होतात म्हणे?"

"नावाने नाही, बाबा. नंबराने."

साहेब खो खो हसले. चौथ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्टने गचका दिला आणि ती थांबली. साहेबांचं हसूही थांबलं. सासऱ्यांनी एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली. जावयाने मनातल्या मनात पंच्याण्णवाचे चौऱ्याण्णव केले.

मग दिवा गेला.