आरशापुढची अळी

“तुझ्या फेझंटला तू आवडतेस की हातातल्या अळ्या? हिंमत असेल तर त्यालाच विचार!” मैत्रिणींनी डिवचलं होतं. मोराचा हा भाऊबंद पिल्लू असल्यापासून तिनेच माणसाळवलेला. ती कसली मागे हटतेय! पिंजऱ्यात शिरून तिने थाटात विचारलं, “बोला राजे, मी की अळी?” सोनेरी तुऱ्याच्या राजांनी तळहातावरची अळी अलगद उचलली, पण गिळली नाही. सोबत म्हणून तिनेच टांगलेल्या आरशापुढे ती ठेवली आणि मादीला बोलावल्यासारखी हळूच साद घालून वाट पाहिली. आरशाखाली कालपरवाच्या अळ्या वाळत पडल्या होत्या. तिचं हसू कुठल्या कुठे पळालं. आरसा काढून ती घरात आली. “आई, बाबा, उद्या त्याला पक्षीवाल्या काकांकडे सोडायचं. तिथे माद्या आहेत.” “अगं, तुला करमेल?” आईने विचारलं. “मुळीच नाही. पण मला तसं सांगता तरी येतं.”