रेवसपर्यंतचा सराव

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिचा फोन माझ्या हातात वाजत होता. "मॅडम, क्रूझवर खिडकीची केबिन मिळाली!" पलीकडची मुलगी म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

बायको सरकारी इस्पितळात नर्स होती. पेन्शन तिचीच, माझ्या स्कूटरच्या गॅरेजला कसली पेन्शन! शेजारी चिडवायचे, "सरकारचे जावई तुम्ही, तुम्हालाच परवडणार क्रूझ." ती म्हणायची, "जावई नव्हे, सून. सून राबते."

अडचण एकच होती. मला बोट लागते. म्हणून दर रविवारी ती मला भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये सरावाला न्यायची. मी ओकायचो, ती पिशवी धरायची आणि म्हणायची, "अहो, मागच्यापेक्षा बरंय." लाँचचा नाखवा हसायचा.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी एकटाच गेलो. नाखव्याने विचारलं, "सिस्टर कुठं? आज पिशवी कोण धरणार?" "गावाला गेल्यात," माझ्या तोंडून निघालं. वारा जोराचा होता, लाँच चांगलीच हलत होती. रेवस आलं तरी मला काहीच झालं नाही. "जमलं की काका! सिस्टरना सांगा, पास झालात," तो ओरडला.

केबिन दोघांच्याच हिशेबाने मिळते, आणि आता पेन्शन निम्मीच येणार. क्रूझचं बुकिंग मी रद्द केलं. नाखव्याला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.